गाडीचा पट्टा किरकिरतो तेव्हा

मंडळी, गाडी सुरू करताच पुढून किर्र आवाज आला, की पुष्कळजण पट्ट्याला साबण चोळतात. आम्हीही एकदा चोळला. आवाज गेला खरा, पण पट्टा घसरू लागला अन् भर घाटात इंजिन तापलं! आमच्या गाडीचा पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो ना.

आता आम्ही काय करतो? चालत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दुरूनच थोडं पाणी उडवतो. सोगा, पदर आवरावा. बोट तर जवळ नकोच. आवाज वाढला, तर पट्टा सैल. क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुली तिरकी. मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि पट्टा नीट पाहावा. चिरला किंवा तेलकटला असेल, तर नवा घालावा. नुसता सैल असेल, तर ताणावा. फार ताणला, तर बेअरिंग जातं बरं का.