मासे वाढले, हौद वाढवला

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतचरित्र, इतिहास, आरोग्य हे विषय दरवर्षी असतात. त्यांच्या रांगेत माशांचा हौद कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. आम्ही चार शेजाऱ्यांनी मिळून १,७०० लिटरचा मत्स्यहौद घरच्या घरी बांधला. बाहेरून प्लायवूडची पेटी, आतून रबराचा लायनर आणि पुढे काचेची खिडकी. तो कसा बांधला हे तर सांगूच, पण आधी का बांधला ते सांगतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी दोन फुटी काचपेटी येते. दुकानदार सोबत एक काळपट, खवलेदार मासा देतो आणि म्हणतो, "हा सकर, काच साफ ठेवेल." बोटाएवढा असतो. पण हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा दीड फुटापर्यंत वाढू शकतो आणि वर्षानुवर्षं जगतो. आमच्या गल्लीत असे चार सकर होते, एकेक फुटाचे. पेटीत त्यांना वळायलाही जागा नव्हती. मग कुणीतरी सहज म्हणालं, "नेऊन सिरपूरच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल."

मंडळी, हे पुण्य नव्हे. सिरपूरचा तलाव होळकर संस्थानाच्या काळातला. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. सकर मासा अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो, तळाचं शेवाळ फस्त करतो, आणि त्याच्या कठीण कवचामुळे त्याला खाणारे थोडे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत आणि केरळात तो असाच घरच्या पेट्यांतून आणि मत्स्यपालनातून बाहेर पडून पसरला आहे. एकदा तलावात गेला की जाळं टाकून तो संपवता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, मासे वाढले तर हौद वाढवायचा.

एवढ्या मोठ्या काचेच्या टाकीचा खर्च झेपणारा नव्हता. सिमेंटचा हौद नवा असताना पाण्यात चुना उतरतो आणि तो माशांना बाधतो. म्हणून लायनर. आमच्या माळव्यात शेतकरी शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, तीच युक्ती. फक्त तिथे आधार जमिनीचा असतो, इथे तो आपल्याला उभा करावा लागतो.

आज एवढीच एक गोष्ट लक्षात ठेवा: लायनर पाणी पेलत नाही. तो फक्त गळती थांबवतो. पाणी पेलते ती पेटी. ही दोन कामं वेगळी आहेत हे कळलं की निम्मं काम झालं.

आता थोडा हिशेब. आम्ही पाणीपुरवठ्याच्या कामावरचे डिप्लोमावाले, त्यामुळे हिशेबाशिवाय पुढे सरकवत नाही. आमचा हौद २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि पाणी ६० सेंटीमीटर खोल. म्हणजे सुमारे १,७३० लिटर, अर्थात पावणेदोन टनांच्या जवळपास वजन. दर चौरस मीटरला ६०० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात. तिप्पट झालं! म्हणून असा हौद वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर कधीही ठेवू नये. आम्ही तो तळमजल्यावरच्या पोर्चमध्ये घेतला. तिथेही खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. ती काढून मुरूम भरला, ठोकला आणि वर काँक्रीटचा ओटा केला.

दुसरा हिशेब भिंतीचा. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, पाणी किती आहे त्यावर नाही. आमच्या लांब भिंतीवर एकूण रेटा सुमारे ४३० किलोंचा आहे. हीच खोली दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. म्हणून हौद मोठा करायचा तर लांबी-रुंदी वाढवावी, उंची वाढवताना दहादा विचार करावा. हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो, आमच्याकडे २० सेंटीमीटरवर. त्याच उंचीवर पेटीला बाहेरून सागवानी पट्टा दिला, दुसरा तळाशी, तिसरा वरच्या कडेला, आणि वर मधोमध दोन्ही लांब भिंती बांधणारी आडवी फळी. प्लाय १९ मिलिमीटर, पाण्यात टिकणारा. जोड सगळे नट-बोल्टचे, नुसते खिळे आणि फेविकॉल नाही. आमचे सुतारकाका म्हणाले, "साहेब, हत्ती बांधणार आहात का?" म्हटलं, काका, हत्ती निदान झोपतो तरी, पाणी चोवीस तास ढकलतं.

लायनर १ मिलिमीटर जाडीचा ईपीडीएम रबराचा, माशांना चालतो असं कंपनीनं लिहून दिलेला घेतला. छपरासाठी बनवलेल्या काही प्रकारांत बुरशी मारणारी रसायनं असतात, म्हणून ही चौकशी करावीच. ताडपत्री नको, ती घडीवर उलते. माप काढणं सोपं आहे: लांबीत भिंतीची उंची दोनदा मिळवा आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट दुमडायला ठेवा. आमची भिंत ७५ सेंटीमीटर, म्हणून कागद ४.५ बाय ३.३ मीटर. आत आधी जाड सिंथेटिक फेल्ट अंथरलं, बोल्टची डोकी झाकली. कोपरे कापायचे नाहीत. वहीला कव्हर घालताना करतो तशी घडी घालायची. आणि लायनर ताणून बसवायचा नाही. तो सैल सोडून हळूहळू पाणी भरायचं, म्हणजे पाणीच त्याला भिंतीला टेकवतं.

खिडकीबद्दल सगळे विचारतात. पुढच्या भिंतीत १२० बाय ४० सेंटीमीटरची चौकट कापली. काच १२ मिलिमीटर जाडीची, १४० बाय ६० ची, म्हणजे चहूबाजूंनी १० सेंटीमीटर जास्त. ती आतून बसते, तळावर टेकते आणि तिच्या नि प्लायच्या मध्ये लायनर दाबला जातो. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पण रबराला नीट धरत नाही. इथे ते गादीसारखं काम करतं; पाण्याचा रेटाच काचेला त्या गादीवर दाबून गळती बंद ठेवतो. कुठेही लायनरमधून स्क्रू गेलेला नाही. सिलिकॉन आठवडाभर शिकंज्यात घट्ट सुकू दिलं आणि मगच बाहेरून चौकटीतला लायनर कापला, तोही कडेला दोन बोटं राखून.

शेवटी पाणी. नर्मदेचं नळाचं पाणी थेट माशांवर ओतायचं नाही, त्यात क्लोरीन असतो. पिंपात भरून एअर पंप लावून एक दिवस ठेवलं की तो उडतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि त्याचं निरुपद्रवी रूप करणारे जिवाणू स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही जुन्या पेट्यांतले मळकट स्पंज न धुता नव्या गाळणीत ठेवले, म्हणजे जिवाणूंची विरजण आयती मिळाली. मासेही एकदम नाही, एकेक करून सोडले आणि दर वेळी अमोनियाची चाचणी केली. आता आठवड्याला दहावा भाग पाणी बदलतो. ते १७० लिटर पाणी तुळस, मोगरा आणि कढीपत्त्याला जातं. झाडं खूश आहेत.

चारही सकर त्या हौदात आहेत. प्लास्टिकच्या जाड पाइपांचे तुकडे आडवे टाकले आहेत, दिवसा त्यांत बसतात. संध्याकाळी खिडकीसमोर गल्लीतली पोरं बसतात आणि काचेला चिकटलेलं त्यांचं तोंड बघून खिदळतात.

ज्यांच्या घरी मासा पेटीबाहेर वाढला आहे, त्यांनी आधी दुकानदाराला परत घेतो का विचारावं, मग मोठा हौद असलेल्या कुणाला तरी द्यावा, आणि जागा असेल तर चार घरांनी मिळून असा हौद बांधावा. मापांचा कागद मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे, हवा त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावा. बाप्पाला आपण दहा दिवसांनी निरोप देतो, पण घरी आणलेल्या मुक्या जिवाला विसर्जन नाही. त्याची जबाबदारी शेवटपर्यंत आपली.

 गणपती बाप्पा मोरया!