स्वस्तातला पंप आणि खाडीतलं पाणी



आज मी होडीतल्या पंपाबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या गावाला खाडी नाही त्यांनीही ऐका हं. गोष्ट होडीची असली तरी मुद्दा खरेदीचा आहे, आणि खरेदी तर आपण प्रत्येक गटात करतो.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ते बघून आमच्या गटालाही धीर आला. आम्ही कर्ज काढून जुनी फायबरची होडी घेतली, तिला पेट्रोलचं लहान इंजिन लावलं. सुकतीला तिसऱ्या काढायला जायचं आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटक न्यायचे, असं ठरलं.

होडी म्हटली की आत पाणी येणारच. लाटेचं येतं, पावसाचं येतं, तिसऱ्यांच्या ओल्या टोपल्यांतून गळतं, जुन्या बोल्टांच्या भोकांतून झिरपतं. ते उपसायला बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप लागतो. तालुक्याच्या दुकानात तो २,८०० रुपयांना होता. आमच्या खजिनदार वहिनींनी सेलमधून तसाच दिसणारा ५५० रुपयांना आणला. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सेलमधून पाने, पक्कड, डिसमिस असा डबाही ३०० रुपयांत आला.

दोन महिने सगळं छान चाललं. मग एक दिवस आम्ही पाचजणी भरलेल्या टोपल्या घेऊन परत येत होतो. वारा उलटा होता, पाणी नाळेवरून आत उडत होतं. मी पंपाचं बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात मागे बसलेली काकू ओरडली, "पाय भिजले गो माजे!" बघितलं तर पाणी घोट्यापर्यंत. टोपल्यांच्या वजनाने होडी आधीच खाली बसलेली. दोन टोपल्या खाडीत ओतल्या, एक बादली आणि एक तेलाचा कापलेला डबा घेऊन आळीपाळीने पाणी उपसलं आणि कशाबशा किनाऱ्याला लागलो.

घरी येऊन पंप उघडला. मोटर चांगली होती! दोष जोडात होता. पंपाची वायर आखूड, म्हणून आम्ही तिला दुसरी वायर पिळून जोडली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. तो जोड होडीच्या तळाशी खाऱ्या पाण्यात पडून होता. आतली तार हिरवी पडून तुटली होती.

पण बैठकीत बोलणी कोणी खाल्ली? खजिनदार वहिनींनी. "स्वस्तातलं आणलंस म्हणून आम्ही बुडत होतो," असं एकजण बोलून गेली. वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. मैत्रिणींनो, ती खरेदी सगळ्यांच्या संमतीने झाली होती आणि पावतीवर सही माझी होती. हे मी वहिनींच्या घरी जाऊन सांगितलं. चार पैसे वाचवायला आपणच एकमेकींना शिकवलं. कुठे वाचवायचे नाहीत, ते मात्र कोणीच शिकवलं नव्हतं.

मग वहिनींनीच वही काढली. होडीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला : ही ऐन वेळी बंद पडली, तर काय होईल? उत्तर "काम अडेल" असं असेल, तर स्वस्तातलं चालेल. उत्तर "पाणी भरेल, आग लागेल, माणूस जाईल" असं असेल, तर तिथे सेल बघायचा नाही.

पाने, पक्कड, डिसमिस स्वस्तातले चालतात. ते गंजतात हे खरं, म्हणून काम झालं की गोड्या पाण्यात धुवायचे, पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि झाकणाच्या बरणीत ठेवायचे. पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची, नाहीतर खाडी तो गिळते. बादली, स्पंज, ब्रश, दोरीचे तुकडे, हेही स्वस्तातलं खुशाल घ्या. होडी धुवायला आम्ही जुन्या फवारणी यंत्राचा पंप वापरतो. तो बंद पडला तर होडी एक दिवस घाण राहील, एवढंच.

आता जिथे जपायचं ते. पाइप आवळायच्या क्लिपा घेताना सोबत लोहचुंबक न्या. पुष्कळ स्वस्त क्लिपांची पट्टी स्टीलची असते, पण स्क्रू साध्या लोखंडाचा असतो. चुंबक स्क्रूला घट्ट चिकटलं तर ती क्लिप खाऱ्या पाण्यात टिकणार नाही.

वायरचा जोड नेहमी उंचावर, कोरड्या जागी घ्या आणि बंद नळीत झाका. बॅटरीच्या जवळच फ्यूज बसवा. पंपाच्या जाळीत दोरीचा धागा, प्लास्टिकचा तुकडा अडकला की मोटर फिरत नाही, पण वीज ओढत राहते आणि वायर तापते. फ्यूज असेल तर तो उडतो. नसेल तर आग लागू शकते.

आणखी एक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साठते, पंपही तिथेच असतो. एक ठिणगी पुरे. म्हणून साधा स्वस्त पंप पेट्रोल उपसायला कधीही वापरू नका. तळाशी पेट्रोलचा वास आला, तर कोणतंही बटण दाबू नका. आधी हवा खेळू द्या, कापडाने पुसून घ्या.

पंपावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवण्याआधी घरी मोजून बघा. पुड्यावर ११०० गॅलन लिहिलं असेल तर ते तासाला साधारण ४,१०० लिटर होतात. पण पाणी वर चढवावं लागलं, पाइप वाकडा असला, बॅटरी उतरली की ते पुष्कळ कमी होतं. पंप पाण्यात ठेवा, पाइपचं तोंड होडीच्या काठाइतकं उंच धरा आणि २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ३० सेकंद लागले तर मिनिटाला ४० लिटर.

हे कशासाठी मोजायचं? पाण्याखाली फूटभर खोल एक इंचाचं भोक पडलं, तर मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणजे चांगला पंपसुद्धा फक्त वेळ मिळवून देतो. आधी भोक बुजवावं लागतं. आम्ही सुताराकडून निमुळत्या लाकडी खुंट्या करून घेतल्या. कापड गुंडाळायचं आणि खुंटी ठोकायची. खर्च जवळपास नाही, पण आमच्या होडीतली ती सगळ्यात मोलाची वस्तू.

लाइफ जॅकेट मात्र प्रमाणित आणि प्रत्येकीच्या अंगावर हवं. खेळण्यातलं फुगवायचं नको. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

शेवटी आम्ही २,८०० चा पंप घेतला. ५५० चा फेकला नाही. जोड नीट करून तो जादा म्हणून ठेवला आहे. आणि दोन्ही पंप असूनसुद्धा बादली दोरीने बांधलेली असतेच.

आता होडी सुटायच्या आधी खजिनदार वहिनी किनाऱ्यावर वही घेऊन उभ्या असतात. पंप चालू करून दाखवा, जाळी दाखवा, बादली दाखवा. त्या हो म्हणाल्याशिवाय आम्ही नांगर उचलत नाही. तुमच्या गटातही खरेदीच्या वहीत तो एक प्रश्न लिहून ठेवा. गिरणी असो, शिलाई मशीन असो, गॅसची शेगडी असो, तो सगळीकडे लागू पडतो.