अवधान आणि व्यवधान



‘अवधान’ आणि ‘व्यवधान’ हे शब्द एकाच धातूचे. केवळ एका उपसर्गाची भर पडते आणि एकाग्रतेच्या जागी अडथळा उभा राहतो. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागितले. आज मी ते उद्योग चालविणाऱ्यांसाठी मागत आहे. उद्यमबागेत कारखाने उभारलेले आपले अनेक माजी विद्यार्थी समोर बसले आहेत.

याच बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान होते. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत. तेथून ते सायकली पाठवीत आणि थोरले बंधू रामूअण्णा येथे त्या विकीत. पुढे बेळगावातच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडला. लोखंडाने जमीन विषारी होते, या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये जागा सोडावी लागून कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळ औंध संस्थानात गेला. तेथेही वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी आणि हिशेब मंगेशराव रेगे यांनी सांभाळला.

या इतिहासाकडे आपण जिद्दीची कथा म्हणून पाहतो. मला त्यात श्रमविभागणीची कथा अधिक दिसते. एकाचे चित्त यंत्रावर स्थिर राहावे, म्हणून दुसऱ्याने गिऱ्हाईक, देणेकरी आणि येणारे-जाणारे अंगावर घेतले. अवधान एकाचे असले, तरी त्याची किंमत दुसरा मोजत असतो.

आज खिशातला मोबाइल दर घटकेस हाक मारतो. मालकाने तासभर दार लोटले, तर आपल्या गावात त्यास माज म्हणतात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. दाराबाहेर ताटकळणाऱ्या कामगाराचे कामही खोळंबते. म्हणून नुसते दार लोटणे पुरेसे नाही. त्या तासात निर्णय घेण्याचा अधिकार विश्वासू सहकाऱ्यास दिला पाहिजे, आणि ती वेळ सर्वांस आधी ठाऊक हवी. ज्याला अधिकार सोडवत नाही, त्याला एकांत लाभत नाही.

आणखी एक. जो मालक स्वतःसाठी निवांत तास मागतो, त्याने लेथवर मोजमाप घेणाऱ्या कारागिरासही मध्येच हाक मारू नये. त्याचेही चित्त तितकेच मोलाचे आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर वर्गात हेच मागत आले.