हाडांचा व मांसल भागांचा कर्करोग



हाडें, कूर्चा, स्नायू व चरबी यांत उद्भवणाऱ्या कर्करोगास सार्कोमा म्हणतात. हा रोग विरळ खरा; परंतु त्यांतील ऑस्टिओसार्कोमा ऐन वाढीच्या वयांतील मुलांस, व तोही बहुधा गुडघ्याजवळ, गांठतो. मूल खेळतांना पडलें असेल असें समजून घरचीं माणसें तेल चोळीत बसतात. (चोळण्याची आपली हौस मोठी!) परंतु रात्रीं विश्रांतींतही न थांबणारें दुखणें व वाढती सूज हीं साध्या मुक्या माराचीं लक्षणें नव्हत. युइंगच्या सार्कोमांत तर तापही येतो. म्हणून हाडांत पू झाला असें वाटतें. कूर्चेचा सार्कोमा बहुधा प्रौढांस होतो. त्यावर शस्त्रक्रियाच मुख्य उपाय होय.

मांसल भागांतील गांठ बहुधा दुखत नाहीं, आणि घात होतो तो येथेंच. ती वाढत असेल, खोल असेल, अथवा पांच सेंटिमीटरांहून मोठी असेल, तर तपासणीवांचून कोणाकडूनही कापून घेऊं नये. तुकडा काढण्याची जागा चुकली तर पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

कॅनडांतील टेरी फॉक्स याचा उजवा पाय १९७७ सालीं, अठराव्या वर्षीं, ऑस्टिओसार्कोमामुळें कापावा लागला. १९८० सालीं कृत्रिम पायानें तो ५,३७३ किलोमीटर धांवला. रोग फुप्फुसांत पसरल्यानें थांबला व १९८१ सालीं निवर्तला. आज आधीं केमोथेरपी देऊन रोगट हाड तेवढेंच काढतात व धातूचा सांधा बसवितात. बहुतेकांचा पाय वाचतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत या रोगांसाठीं स्वतंत्र तज्ज्ञमंडळ आहे.