लिफ्ट थांबवणारा माणूस



लिफ्ट बंद पडली म्हणजेच आम्हा मेकॅनिक लोकांची आठवण होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण आज आपण इतके जण जमला आहात, तेव्हा चालत्या लिफ्टविषयी थोडे बोलतो.

पुष्कळांना भीती वाटते ती दोर तुटण्याची. एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, आपण उभे असलेल्या पाळण्याचा दोर लोकांसमक्ष तोडायला लावला. पाळणा तिथेच अडकला. आज तर दोरही अनेक असतात. त्यातूनही डबा भलत्या वेगाने उतरू लागलाच, तर पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट धरतात. ब्रेकची गंमत अशी, की विजेने तो लागत नाही, सुटतो! वीज गेली की स्प्रिंगा त्याला आवळतात. आणि पलीकडचे वजन रिकाम्या डब्याहून जड असते. म्हणून ब्रेक सुटला तर रिकामी लिफ्ट खाली नव्हे, वर जाते.

खरा धोका दाराचा आहे. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप असते आणि या सर्व कुलुपांतून विजेची एकच वाट जाते. एक दार उघडे राहिले की वाट तुटते, लिफ्ट हलत नाही. आमच्या माझगावात नेसबिट रोडपासून डॉकयार्ड रोडपर्यंत जाळीच्या दारांच्या जुन्या लिफ्टवर मी पुष्कळ काम केले. ही दारे लोक धाडकन आपटतात, कुलूप झिजते, आणि रात्री बोलावणे येते. "अहो, तेवढी वायर जोडून द्या, सकाळी बघू!" वायर जोडायला एक मिनिट पुरते. मग दार उघडे असतानाही लिफ्ट चालते. डबा वर निघून गेलेला, मागे दार उघडेच, आणि अंधारात कोणी सवयीने पाऊल आत टाकतो.

मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा १९३९ सालीच झाला. त्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने घेतली. परवाना आहे, तपासणी आहे. पण रात्री दहा वाजता तिथे इन्स्पेक्टर नसतो, मेकॅनिक असतो. त्याने नाही म्हटले की सेक्रेटरी दुसरा, स्वस्तातला माणूस शोधतात. याला काटकसर म्हणावे, असे मला वाटत नाही.

भंडारवाड्याच्या टेकडीजवळच्या एका इमारतीत मी असाच नकार दिला. सातव्या मजल्यावरचे आजोबा इस्पितळातून नुकतेच आले होते. मंडळी फार चिडली. शेवटी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेले, त्यात मीही होतो. प्रत्येक मजल्यावर आजोबा म्हणत, "टेका रे, दम घ्या." नवे कुलूप दुसऱ्या दिवशी दुपारी बसले.