हापशी बसवण्याआधी

संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, इकडे सावनेर-काटोलहून आणि तिकडे छिंदवाड्याहून आलेल्या पाहुण्यांनो, कन्हानकाठच्या रामाकोन्याच्या वतीने सगळ्यांचे मनापासून स्वागत. गाव लहान आहे. पाहुणचारात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.

धोरण ठरतानाच त्याचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते तपासावे, हा आपला विषय. तो ऐकून गावात विचारणा झाली, ‘हे डॉक्टरांचे काम नव्हे का?’ पण माणूस दवाखान्यात पोहोचतो तोवर योजना राबवून झालेली असते.

आपल्याच मध्य प्रदेशातले, मंडला जिल्ह्यातले तिलईपानी घ्या. लोकांना चांगले पाणी मिळावे म्हणून सरकारने हापशा बसवल्या. हेतू चोख, पाणी नितळ. पण खडकातले फ्लोराइड त्या पाण्यासोबत वर आले. 1990च्या दशकात हे उघडकीस आले तेव्हा लेकरांचे गुडघे एकमेकांना घासत होते, पाय बाहेर फाकले होते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा तिथे कितीतरी पट ओलांडली होती. जबलपूरच्या संशोधकांनी आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व वाढवले. त्यात आपण बांधावरून उपटून फेकतो तो तरोटाही होता. एकदा ताठरलेल्या सांध्यांवर मात्र औषध नाही. अशा योजनांचा हिशेब किती हापशा बसल्या यावर होतो. पाण्याची एक बाटली वेळेत प्रयोगशाळेत जाणे कुणाच्याच कामात धरलेले नसते.

शेतीतही तेच. यवतमाळात 2017मध्ये डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधेने वीसेक माणसे गेली. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, ती त्यानंतर. आमच्याकडे पऱ्हाटी तीच आणि पाठीवरचा पंपही तोच.

थायलंडने 2007च्या कायद्याने धोरणाच्या तब्येतीवरील परिणामाचे मूल्यमापन मागण्याचा हक्क साध्या नागरिकालाही दिला. आपली 2006ची पर्यावरण अधिसूचना मोठ्या प्रकल्पांपुरती. गावची हापशी तिच्यात येत नाही. आपला पांढुर्णा जिल्हा 2023मध्ये झाला, कार्यालयांची घडी अजून बसते आहे. मंजुरीच्या फायलीत तब्येतीचा प्रश्न घुसवायचा तर आत्ताच. पुढे ‘अशी पद्धत नाही’ हे उत्तर तयार असेल.

मंडपाबाहेर पाणी तपासायचे टेबल मांडले आहे. आपापल्या हापशीचे पाणी आणलेल्यांनी बाटलीवर गावाचे नाव आणि बोअरची खोली लिहून द्यावी. दुसऱ्या सत्राआधी आकडे मिळतील. बसस्टँडवर विकत घेतलेली बाटली कृपया देऊ नका. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, ही विनंती.