अन्नाचे वावडे आणि वनौषधींची परीक्षा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह इत्यादी विषयांचा ऊहापोह नेहमीच होतो. आज आम्ही आपले लक्ष एका घरगुती, परंतु जीवनमरणाच्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. एखाद्या घरी मुलाला शेंगदाण्याचे, काजूचे, दुधाचे किंवा माशाचे वावडे असते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, येथपासून श्वास कोंडून प्राण जाण्यापर्यंत त्याची मजल जाते. अशा मुलाच्या आईला कोणी ना कोणी चूर्ण वा काढा सुचवितोच. आणि ‘झाडपाला आहे, त्याने अपाय काय होणार?’ असे वर आश्वासनही देतो. हे आश्वासन कितपत ग्राह्य मानावे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे याचा उत्तम धडा न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेत डॉ. शिऊ-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिला आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात ‘वू मेइ वान’ नावाचा पोटातील जंतांवरील योग आहे. त्यात आपल्या ओळखीची सुंठही आहे. या योगात एका औषधी अळंब्याची भर घालून त्यांनी अकरा द्रव्यांचे औषध सिद्ध केले. पुढे त्यांतील दोन द्रव्ये त्यांनी स्वतःच वगळली. त्यांपैकी एक म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातील मूळ होय. शोधनात कसूर झाल्यास ते हृदयाला घातक ठरते. आपल्या वैद्यांनीही बचनाग शोधनावाचून वापरू नये असेच सांगितले आहे, आणि भारतीय औषधनियमांच्या ई (१) परिशिष्टातही वत्सनाभाची गणना विषारी द्रव्यांत केलेली आहे. परंपरेवर प्रेम असणाऱ्यांनीच परंपरेतील धोका दूर केला, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

उरलेल्या नऊ द्रव्यांचे औषध प्रथम शेंगदाण्याचे वावडे असलेल्या उंदरांना दिले गेले, आणि त्यांचे जीवघेण्या विकारापासून रक्षण झाले. तथापि उंदीर वाचला म्हणून मूल वाचेल असे त्यांनी गृहीत धरले नाही. माणसांवरील पहिल्या परीक्षेचा वृत्तान्त 2010 साली प्रसिद्ध झाला. 12 ते 45 वर्षे वयाच्या 19 व्यक्तींत काहींना औषध व काहींना तशीच दिसणारी निरौषध गोळी सात दिवस देण्यात आली. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. पोटाच्या किरकोळ तक्रारी दोघांनी केल्या. त्यांपैकी एक औषध घेणारा होता, दुसरा निरौषध गोळी घेणारा! तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर दोन्ही तक्रारींचा दोष औषधाच्याच माथी बसला असता.

मग 68 जणांवर सहा महिन्यांची परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. दररोज तीन वेळा दहा दहा गोळ्या घ्यावयाच्या होत्या. 44 टक्के लोकांनी किमान एकतृतीयांश काळ त्या नीट घेतल्याच नाहीत. औषध निर्धोक ठरले. परंतु त्या मात्रेत व त्या मुदतीत वावडे मात्र हटले नाही. निर्धोकपणा आणि गुणकारीपणा हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसरे सुटत नाही. आणि ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे तर दोहोंपैकी एकाचेही उत्तर नव्हे.

तिसरा प्रश्न आहे वनस्पतीच्या ओळखीचा. बेल्जममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरविण्याच्या उपचारात नामसादृश्यामुळे एका चिनी मुळीऐवजी दुसरीच विषारी मुळी गेली. 1993 साली ही गोष्ट उजेडात आली, आणि पुढे शंभरांहून अधिक लोकांना मूत्रपिंडांचा विकार जडल्याचे आढळले. नाव तेच, पुडी तीच. आतील मुळी मात्र निराळी!

यावरून आयुर्वेदाचा त्याग करावा असे आम्ही म्हणत नाही. ज्या शास्त्राने शोधनाचा आग्रह धरला, त्याला परीक्षेचे भय असण्याचे कारण नाही. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. वावडे असलेल्या मुलाला कोणतेही चूर्ण देण्यापूर्वी त्यातील द्रव्ये, मात्रा व बनविणारा यांची माहिती लेखी घ्यावी, आणि ती त्याच्या डॉक्टरांना दाखवावी. गुण आला की नाही हे पाहण्यासाठी घरी शेंगदाणा चारून परीक्षा पाहण्याचे साहस कदापि करू नये. डॉक्टरांनी ॲड्रेनालीनचे इंजेक्शन जवळ बाळगण्यास सांगितले असेल, तर चूर्णाच्या भरवशावर ते दूर सारू नये. आणि तिसरे, आपल्या ज्ञातिभोजनाच्या पंगतीत कोणत्या पदार्थात दाण्याचे कूट, काजूचे वाटण अथवा दूध आहे, हे फलकावर लिहिण्याची प्रथा याच वर्षापासून कार्यकारी मंडळाने सुरू करावी. त्याला एक फळा आणि खडू पुरे. पण तेवढ्याने एखाद्या मातेचा घास निश्चिंतपणे गळ्याखाली उतरेल.